यंत्राला कळलं ते

कुठं बोलायला बोलावलं की हटकून कुणीतरी उठतं आणि विचारतं, "बाई, ती यंत्रमानवाची कथा तुम्हाला सुचली कशी?" मी सांगते, कॉलेजात असताना विज्ञानाची मासिकं वाचायची, त्यातून सुचली. लोकांना ते पटतं. सपशेल खोटं आहे. ती कथा मला सुचली नव्हती, मी ती चोरली होती, आणि चोरी स्वतःच्याच घरात केली होती. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्यापैकी आता कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगून टाकते.

धंतोलीत एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या मागं दोन खोल्यांत आम्ही राहायचो. बाबा त्याच दवाखान्यात कंपाउंडर. आई खेड्यातली, लिहिण्यावाचण्याशी तिचा संबंध कधी आलाच नाही. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मॅट्रिक झाला आणि फौजेत गेला, वायरलेसच्या कामावर. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा उजवा हात कोपराखाली गेला. हनुवटीपासून कानापर्यंत भाजल्याची खूण राहिली, तिच्यावर दाढी उगवत नसे. हात कसा गेला ते त्यानं कधी धड सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "गेला न बाप्पा! आता त्याची काय चौकशी करता?"

फौजेच्या इस्पितळानं त्याला दोन हात दिले. एक लोखंडी आकडा, कामाचा. दुसरा रबरी, चारचौघांत घालायचा. दोन्हींना चामड्याचा पट्टा, तो पाठीवरून दुसऱ्या खांद्यात अडकवायचा. रबरी हाताला नखं होती, शिरा होत्या, बोटांच्या पेरांवर सुरकुत्यासुद्धा होत्या, पण रंग गुलाबी गोरा. आणि दादा आमचा चांगला काळा. "हात सायबाचा भेटला मले," तो म्हणायचा, "बाकीचं आपलं वऱ्हाडीच." पहिले काही महिने आम्ही सगळे त्यावर हसलो. बाबा मात्र नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या जखमा धुणारा माणूस, पण दादानं पट्टा सोडायला घेतला की ते उठून बाहेर जायचे.

उजवा हात जाणं म्हणजे काय ते आपल्याकडं जेवायला बसल्याशिवाय कळत नाही. पंगतीत दादा डाव्या हातानं जेवायला लागला की शेजारचा माणूस हळूच आपली पत्रावळ सरकवून घ्यायचा. तोंडानं काही नाही, नुसती चार बोटं पलीकडं. शेजारच्यांकडं सत्यनारायण होता, तिथं दादानं तीर्थाला डावा हात पुढं केला. भटजींची पळी हवेतच थांबली. मग त्यानं रबरी हात पुढं केला. तीर्थ त्या गुलाबी तळव्यावर पडलं आणि मनगटावरून ओघळून सतरंजीवर गेलं. दादानं तळवा डोळ्यांना लावल्यासारखं केलं आणि उठला. कुणी काही बोललं असतं तर मी भांडले तरी असते!

आईनं त्यावर तोडगा काढला. घरी कुणी येणार असलं की ती दादाला आधीच वाढायची. "तू जेवून घे बापा, गरम गरम. मंग बाकीचे बसतीन." हळूहळू पाहुणे असोत नसोत, तो आधीच जेवायला लागला, एकटा. त्याला तो आईचा लाड वाटायचा. होताही लाडच. पण त्याचं ताट आमच्यातून वेगळं झालं होतं आणि ते आईनं केलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आईला हिवतापानं घेरलं होतं. भर दुपार. ती डोळे मिटून पडली होती पण जागी होती, कारण मी पाणी आणायला उठले तेव्हा तिनं मागून सांगितलं, "गुळाचा खडाबी आणजो वं." मी माठाशी वाकले तेवढ्यात दादा बाहेरून आला, तिच्या उशाशी बसला आणि ताप किती आहे ते पाहायला त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. सवयीनं उजवा ठेवला. रबरी. त्या हाताला ताप काय कळणार होता?

आईनं डोळे उघडले. आधी हात पाहिला. मग त्याचं तोंड पाहिलं, नीट पाहिलं. आणि किंचाळली. "दूर कर ते! दूर कर!" दोन्ही हातांनी तिनं त्याला ढकललं.

दादा भिंतीशी जाऊन उभा राहिला. मग आई उठून बसली आणि म्हणाली, "सपन पडलं होतं बापा. लय वाईट सपन."

दादानं सुस्कारा सोडला. "मले वाटलं मलेच भेली तू."

"तुले काहून भेईन मी? लेकरू होय न तू माहं."

"तापात होते असं," तो माझ्याकडं वळून म्हणाला. मी पाण्याचा पेला घेऊन उंबऱ्यात उभी होते. मी म्हटलं, "हो, होते." आई झोपेत नव्हती हे तिला ठाऊक होतं आणि मला. दादाला ते कळलं तर तो या घरात राहणार नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं. तो तसाच होता. जिथं आपली अडचण होते तिथं क्षणभर थांबायचा नाही.

आणि तरी मी ते लिहिलं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. गावातल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी नव्या मुलामुलींकडून विज्ञानकथा मागवल्या होत्या. मी ठरवलं, यंत्रमानवावर लिहायचं. लढाईत मेलेल्या शिपायांच्या घरी सरकार यंत्रमानव पाठवतं. तोच चेहरा, तोच आवाज, तीच चाल. घरचे त्याला सांभाळून घेतात, शेजारीपाजारी घेत नाहीत.

यंत्राच्या डोक्यात काय असेल ते मला दादानं शिकवलं. तो तेव्हा सीताबर्डीला एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा, आकड्यानं धरायचं आणि डाव्या हातानं तारांना कथलाचा डाग द्यायचा. संध्याकाळी घरी आला की कागदावर रेघा मारून मला समजावायचा. "हे पाय, इथून सिग्नल आला का हे रिले उचलते. तुह्या यंत्राले माणसाच्या छातीची धडधड दुरूनच मोजता आली पाहिजे. तो काही आपल्यासारखा बैताड नसन." त्याला भारी मजा वाटत होती. "अर्धी गोष्ट माहीच आहे," असं तो दुकानात सांगत सुटला होता.

उरलेली अर्धी काय होती ते मी त्याला सांगितलं नाही. कथेत म्हातारी आई तापानं पडते. यंत्र तिच्या कपाळावर हात ठेवतं. ती किंचाळते, त्याला ढकलते, आणि मग म्हणते, सपन पडलं होतं. यंत्राला तिच्या छातीची धडधड मोजता येते, त्यामुळं त्याला कळतं की ही जागी होती. ते तिला पाणी पाजतं, दार लोटून घेतं आणि आपल्या पायांनी सरकारी गोदामात परत जातं.

का लिहिलं? चांगलं होतं म्हणून लिहिलं. दुसरं काही कारण नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावलं की लोकांना शहाणं करायला लिहिलं. कसलं काय! ते पान लिहून झालं तेव्हा मी खोलीत एकटीच फेऱ्या मारत होते, इतकी खूश होते. दादा गोष्टी वाचत नाही, तो फक्त सर्किटं वाचतो, या भरवशावर मी निर्धास्त होते.

याच सुमारास दादाचं लग्न ठरलं. मुलगी भिवापूरची, मिरचीची शेती असलेलं घर. तिला आईवडील नव्हते, काकानं वाढवलेली. आम्ही पाहायला गेलो तेव्हा दादानं पोहे येण्याआधीच सदऱ्याची बाही वर केली, पट्टा सोडला आणि रबरी हात काढून मांडीवर ठेवला. "मागून कोणी म्हणू नये का फसवलं," तो म्हणाला. काका दुसरीकडं बघायला लागले. मुलगी ट्रे घेऊन आली होती. तिनं त्याच्या थोट्या हाताकडं सरळ पाहिलं आणि विचारलं, "दुखते काय?"

"थंडीत ठणकते," दादा म्हणाला.

दसऱ्याला भिवापूरहून सोनं आलं, त्यासोबत लोकरीची एक पिशवी आली. थोट्या हातावर चढवायची, नुसत्या अंदाजानं विणलेली. बरोबर बसली. दादा ती ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा घालून बसायचा आणि मी चिडवलं की लाजायचा. लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं. दसऱ्यानंतरच्या त्या पंधरा दिवसांत तो आमच्यासोबत जेवायला बसू लागला होता, आपणहून.

अंक आला. माझ्या हातात संपादकांनी दोन प्रती ठेवल्या. दादानं दुकानातून परत येताना आणखी पाच विकत आणल्या. एक बाबांच्या डॉक्टरांना, एक दुकानाच्या मालकाला. घरात कुणाचं नाव छापून आलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी नावावर बोट फिरवलं आणि अंक देवाजवळ ठेवला. वाचला कुणीच नाही. आमच्याकडं छापून आलेलं आधी वाटायचं असतं, वाचायचं सवडीनं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी प्रती मोजल्या. एक कमी होती.

"ते? भिवापूरले पाठवली न," दादा म्हणाला. "फराळाच्या डब्यासंगं, कंडक्टरजवळ देल्ली. तिले म्हणा पाय, माही बहीण केवढी हुशार आहे!"

मी विचारलं, "तू वाचली काय आधी?"

"मले काय वाचाची आहे? मीच त सांगतली तुले."

पाडव्याला सकाळच्या पहिल्या बसनं मी भिवापूरला निघाले. घरी सांगितलं, मैत्रिणीकडं जाते. वाटभर एकच विचार, सणाच्या गडबडीत डबा उघडला असेल, अंक कुठंतरी फडताळात पडला असेल. काहीतरी सबब सांगून मागून घेईन. शाई फुटली आहे म्हणेन, दुसरा देते म्हणेन.

अंगणात बाजेवर अंक उघडा पडला होता. त्यावर काकांचा चष्मा. सोयऱ्याच्या पोरीचं नाव छापून आलं म्हणून काकांनी आदल्या संध्याकाळी घरादाराला, शेजाऱ्यांना बसवून कथा मोठ्यानं वाचून दाखवली होती. तेही आमच्यासारखेच, न वाचता कौतुकाला बसले होते. त्या पानापर्यंत आले आणि थांबले.

काकांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"पोरी, खरं सांगजो. हे यंत्र म्हंजे तुहा भाऊच होय न?"

"नाही काका, ही गोष्ट आहे. मनानं लिहितात असं."

"तुह्या मायले त्याचं भेव वाटते काय?"

मी नाही म्हणाले. पण लगेच नाही म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढं आईचे ते दोन्ही हात आले, आणि मधे जेवढा वेळ गेला तेवढा काकांना पुरला. काकांनी चष्म्याची घडी घातली. "त्याचा हात नाही हे आमाले चालत होतं. पन जलम देनारी मायच त्याले भेते, अन घरची पोरगी ते छापून देते. मंग माह्या पोरीनं तिथं काहून जावं, तूच सांग."

मुलगी दारात उभी होती. हातात विणायच्या सुया, त्यावर अर्धवट दुसरी पिशवी. "मले नाही वाटत भेव," ती म्हणाली.

"तू अंदर जाय."

ती गेली नाही. माझ्याकडं बघत राहिली, आणि मग म्हणाली, "ताई, त्यायले हे वाचू देऊ नका." मला तिच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. काकूंनी तिला दंडाला धरून आत नेलं. दार लागलं. आमचा फराळाचा डबा धुऊनपुसून, रिकामा न देता त्यात त्यांच्या करंज्या भरून, त्यांनी माझ्या हातात दिला.

परत आल्यावर आईबाबांना मी एवढंच सांगितलं की भिवापूरला गेले होते, ते लोक नाही म्हणतात. बाबा दवाखान्याकडं गेले. आई म्हणाली, "मले ठाऊकच होतं. हाताचंच निंगालं असन." मी हो म्हटलं. माझी तेवढीच हिंमत.

पण दादापुढं ते चाललं नाही. भाऊबीजेच्या सकाळी मी पाट मांडत होते, तो आंघोळ करून आला आणि म्हणाला, "हात त त्यायनं आधीच पायला होता. मंग आता काय झालं?" मुलीनं मला एकच गोष्ट करू नका म्हणून सांगितलं होतं. पण न सांगावं तर तो स्वतःच जाऊन काकांना विचारणार होता. मी म्हणाले, "माह्या गोष्टीमुळं झालं."

"असं काय लिवलं तू?"

त्यानं देवाजवळचा अंक घेतला आणि पायरीवर जाऊन बसला. आकड्यानं पान दाबून धरायचा आणि डाव्या अंगठ्यानं उलटायचा. मी ओवाळणीचं ताट घेऊन मागं उभी. निरांजनातलं तूप संपत आलं, मी पुन्हा घातलं. रिले, सिग्नल, ती पानं आली तेव्हा तो थोडा हसला. मग ते पान आलं. तिथं तो खूप वेळ होता. पान उलटलं आणि पुन्हा मागं आला.

वाचून झाल्यावर तो उठला, टोपी घातली आणि पाटावर येऊन बसला. मी कुंकू लावलं. टिळा वाकडा होऊन भुवईपर्यंत आला. मी म्हटलं, "दादा, मले माफ कर." तो रागावेल, ताट उडवेल, निदान उठून जाईल असं मला वाटत होतं. मी तसं लिहिलंच होतं.

तो अगदी हळू म्हणाला, आई आत होती म्हणून. "तुहं यंत्र हुशार आहे वं. त्याले कळलं. मले नव्हतं कळलं. मी सपनच समजलो."

त्यानं डाव्या हातानं ताटात ओवाळणी टाकली. शाईचा पेन होता. अंक आला त्याच दिवशी घेऊन ठेवला असावा, गुंडाळलेल्या कागदावर दुकानदाराकडून माझं नाव लिहून घेतलं होतं. मी मेले नाही तेवढंच.

तेवढ्यात आई आतून पदराला हात पुसत आली. "सगळे वाचून राहिले पोरीची गोष्ट. मलेच कोनी वाचून दाखवत नाही. मले काय कान नाही?"

मी दादाकडं पाहिलं. दादा अंक घेऊन तिच्याजवळ बसला. वाचायला लागला. सावकाश, शब्दाशब्दाला थांबत, तिला कळेल असं. ऐकता ऐकता आई तांदूळ निवडायला लागली. यंत्र घरी आलं, शेजाऱ्यांनी दारं लावली, म्हातारीला ताप आला. यंत्रानं तिच्या कपाळावर हात ठेवला. आईची बोटं तांदळात थांबली.

"म्हातारी झोपली होती," दादा वाचत होता. ते कुठंच छापलेलं नव्हतं. "तिले वाईट सपन पडलं अन ती वरडली. यंत्रानं तिच्या छातीची धडधड मोजली. ती गाढ झोपीत होती. यंत्राले समजलं का इचा काही दोष नाही."

आई वर बघेना. तिनं विचारलं, "मंग? राह्यलं काय ते तिच्या घरी?"

"हो," दादा म्हणाला, "राह्यलं न. राह्यलं." आणि अंक मिटला.

त्या दिवसापासून तो पुन्हा आधी, एकटा जेवायला लागला. आईनं सांगायच्या आत ताट घेऊन बसायचा. फाल्गुनात त्यानं जबलपूरकडं टेलिफोनच्या कामावर नोकरी धरली. आकडा नेला, लोकरीची पिशवी नेली. रबरी हात खुंटीवर टांगून गेला. त्यानं पुढं लग्न केलं नाही. पत्र महिन्याला यायचं, डाव्या हातानं लिहिलेलं, मोठ्या मोठ्या अक्षरांचं, आणि त्यात सगळं ठीक असायचं. घरी मात्र तो पाहुण्यासारखा दोन दिवसांकरता यायचा.

आईनं तो हात कुणाला काढू दिला नाही. धूळ बसली की स्वतः ओल्या फडक्यानं पुसायची, एकेक बोट, नखांमधून. एकदा मी कॉलेजातून आले तेव्हा ती तो हात मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून तिनं तो लपवला नाही.

"गोष्टीत त राह्यलं होतं न वं ते?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो आई. गोष्टीत राह्यलं होतं."